पाण्याची कंपनी उन्हात का उतरते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘एसजेव्हीएन, म्हणजे मूळची सतलज जलविद्युत निगम, ही सरकारी कंपनी. नदी, धरण, बोगदा हे तिचं काम. ती आता बिकानेरच्या वाळवंटात सौर पॅनेल लावते आहे. तिला त्यातलं काय कळतं? आणि हे धोरण आहे की मेगावॉटचे आकडे फुगवणं?’

माझं मत आधीच सांगून टाकतो. उन्हात उतरणं बरोबर होतं, आणि बऱ्याच अंशी नाइलाजाचंही होतं. चूक होते ती पाणी आणि ऊन ही दोन वेगळी दुकानं असल्यासारखी चालवण्यात. माझी नोकरी जलविद्युतगृहांत गेली, शेवटची काही वर्षं सौर निविदांचे हिशेब करण्यात. एसजेव्हीएनमध्ये मी कधी नव्हतो, त्यामुळे तिची बाजू घ्यायचं किंवा तिच्यावर राग काढायचं मला कारण नाही.

आधी नाइलाज समजून घ्या. हिमाचलातलं नाथपा झाकरी हे या कंपनीचं घराणं. १५०० मेगावॉट, २५० मेगावॉटची सहा यंत्रं, डोंगराच्या पोटात विद्युतगृह आणि नाथप्याच्या धरणापासून तिथवर पाणी आणणारा २७.४ किलोमीटर लांबीचा बोगदा. २००३-०४ मध्ये ते सुरू झालं. त्याच्या खाली रामपूरला ४१२ मेगावॉटचं दुसरं विद्युतगृह आहे. झाकरीतून बाहेर पडलेलं पाणी नदीत न सोडता ते पुन्हा एकदा वापरतं. कागदावर याहून देखणी मांडणी सापडणार नाही.

पण सतलज म्हणजे कोयना नव्हे. कोयनेचं पाणी शिवसागरात येऊन थांबतं, गाळ खाली बसतो, वरचं स्वच्छ पाणी यंत्राकडे जातं. नाथप्याच्या वर सतलजवर एवढा मोठा साठा नाही. पावसाळ्यात ती क्वार्ट्झची बारीक वाळू घेऊन धावत येते. त्यासाठी नाथप्याला जमिनीखाली गाळ बसवण्याच्या चार प्रचंड खोल्या खोदल्या आहेत, एकेक अर्ध्या किलोमीटरहून लांब. तरीही गाळ ५००० पीपीएमच्या वर गेला की यंत्रं थांबवायची हा तिथला दंडक आहे. ५००० पीपीएम म्हणजे लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम, चहाचा एक चमचा. ऐकायला काहीच वाटत नाही. पण तेच पाणी चारशे मीटरच्या उंचीवरून दाबाने येऊन दिवसरात्र पोलादावर घासतं.

हिमालयातल्या ज्या विद्युतगृहात मी काही वर्षं काढली (नाव राहू दे), तिथे पावसाळ्यात शिफ्टचा माणूस तासातासाला बाटलीत पाणी भरून आणायचा. बाटली खिडकीच्या उजेडात धरून आमचा जुना फोरमन मोजणी होण्याआधीच आकडा सांगायचा आणि तो फारसा चुकायचा नाही. दिवाळीच्या सुमारास रनर, म्हणजे टर्बाइनचं फिरतं चाक, बाहेर काढला की पात्याची कड पाहवायची नाही. कुरतडलेल्या भाकरीसारखी. ज्या कडेवर जूनमध्ये अंगठा नीट टेकायचा, तिथे ऑक्टोबरमध्ये बोट कापायचं. मग वेल्डिंग, घासकाम, टंगस्टन कार्बाइडचा लेप, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच.

हे झालं रोजचं दुखणं. अपघात निराळे. ३१ जुलै २००० च्या रात्री सतलजला अचानक पूर आला आणि काम चालू असलेल्या झाकरी प्रकल्पाचं मोठं नुकसान झालं. जून २००५ मध्ये तिबेटच्या बाजूला परीछू नदीवर दरडीमुळे साचलेलं तळं फुटलं. ४ ऑक्टोबर २०२३ ला सिक्कीममधलं दक्षिण ल्होनाक हे हिमसरोवर फुटलं, तीस्ता-३ चं धरण वाहून गेलं आणि खालच्या बाजूचं एनएचपीसीचं (हीही केंद्राची जलविद्युत कंपनी) ५१० मेगावॉटचं तीस्ता-५ बंद पडलं. अरुणाचल-आसाम सीमेवरचा एनएचपीसीचाच सुबनसिरी प्रकल्प २००५ मध्ये सुरू झाला, आंदोलनामुळे डिसेंबर २०११ मध्ये थांबला आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये पुन्हा हलला. खर्चाचा अंदाज ६,२८५ कोटींवरून २० हजार कोटींच्या पुढे गेला. ज्या इंजिनिअरनं त्या प्रकल्पावर पहिली नोकरी धरली, त्याच्या मुलीचं लग्न झालं तरी यंत्र फिरलेलं नव्हतं, अशी थट्टा आमच्यात चालायची.

सौर प्रकल्प जमीन आणि वाहिनी हातात असेल तर दीड-दोन वर्षांत उभा राहतो. संचालक मंडळात बसलेल्या माणसाला हा फरक दिसणारच. त्यातून केंद्राचं अपारंपरिक ऊर्जेचं लक्ष्य आणि सगळ्या सरकारी वीज कंपन्यांवर आलेला दबाव. म्हणून टिहरीवाल्या टीएचडीसीनं केरळात कासारगोडला ५० मेगावॉट सौर उभारला, एनएचपीसीनं तमिळनाडूत ५० मेगावॉट उभारला, आणि एसजेव्हीएननं गुजरातमध्ये चारणक्याला २०१७ मध्ये अवघ्या ५.६ मेगावॉटपासून सुरुवात केली.

त्याहीआधीची तिची पाण्याबाहेरची पहिली पायरी महाराष्ट्रात पडली होती, हे फार जणांना माहीत नसतं. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, खिरविरे-कोंभाळण्याच्या माथ्यावर, ८५० किलोवॉटच्या ५६ पवनचक्क्या, एकूण ४७.६ मेगावॉट. २०१४ साल. सतलजची कंपनी सह्याद्रीतला वारा विकायला आली. अकोल्याकडे मी शेवटी परत येणार आहे.

आता पैशाचा मुद्दा, कारण कंपनीचा स्वभाव खरा तिथे बदलतो.

जलविद्युतचा दर केंद्रीय वीज नियामक आयोग ठरवतो. झालेला खर्च दाखवायचा, आयोग तो तपासून मान्य करतो, आणि भागभांडवलावर ठरलेला परतावा मिळतो. थोडाफार साठा असलेल्या नदीप्रवाही प्रकल्पाला तो साडेसोळा टक्के राहिला आहे. यजमान राज्याला बारा टक्के वीज फुकट, वर एक टक्का स्थानिक विकासासाठी. काम रेंगाळलं आणि कारण पटण्यासारखं असलं, तर वाढलेला खर्चही बराचसा दरात बसतो. या पद्धतीत वाढलेला माणूस सावध असतो. तो बोगद्याला दोन सेंटिमीटर काँक्रीट जास्त देईल, सुटे भाग दोनऐवजी तीन घेईल. मी तसाच होतो.

सौरमध्ये ही मायेची ऊब नाही. तिथे उलटा लिलाव असतो: संगणकासमोर बसायचं आणि दर खाली आणत जायचं. शेवटच्या मिनिटांत कुणी एक पैसा उतरवला की वेळ आपोआप वाढते, पुन्हा सगळे हिशेबाला बसतात. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या एका निविदेत दर युनिटला १ रुपया ९९ पैशांपर्यंत घसरला होता. मी अशा एका रात्री सल्लागार म्हणून बसलो होतो, एका कंपनीच्या बाजूनं. वित्त विभागाचा तरुण मुलगा म्हणाला, ‘सर, एकच पैसा.’ मी कागदावर मांडून दाखवलं. शंभर मेगावॉटचा प्रकल्प वर्षाला साधारण साडेचोवीस कोटी युनिट देईल. एक पैसा म्हणजे वर्षाला साडेचोवीस लाख, पंचवीस वर्षांत सहा कोटी. त्या रात्री आम्ही अकरा पैसे उतरलो. जिंकलो. घरी जाताना मला जिंकल्यासारखं वाटलं नाही, आणि पॅनेलच्या किमती पुढे वाढल्या तेव्हा त्या कंपनीलाही वाटलं नसावं. एप्रिल २०२२ पासून आयात पॅनेलवर ४० टक्के सीमाशुल्क लागलं, तेव्हा स्वस्त दर पकडून बसलेल्या अनेकांची हीच गत झाली.

या खेळात सरकारी कंपनीकडे एक खरं शस्त्र असतं: स्वस्त कर्ज. सौर प्रकल्पात इंधन नाही, माणसं थोडी, म्हणजे दरातला मोठा वाटा भांडवलाच्या किमतीचा. अर्धा-पाऊण टक्का कमी व्याजानं पैसा मिळाला तर इंजिनिअरिंगमधली सगळी हुशारी त्यापुढे फिकी पडते. हे कबूल करायला आम्हा इंजिनिअर लोकांना जड जातं, पण झाकरीच्या जोरावर मिळालेली पत बिकानेरच्या पॅनेलखाली आहे.

मग ‘तिला काय कळतं’ याचं उत्तर काय? उपकेंद्र, उच्चदाब वाहिनी, ग्रीडशी व्यवहार, ठेकेदार सांभाळणं, वीजखरेदी करारातली बारीक अक्षरं, हे सगळं कळतं आणि ते थोडं नाही. जे कळत नाही ते वेगळ्या जातीचं आहे. झाकरीत सहा यंत्रं. प्रत्येकाचा स्वभाव माहीत असलेली माणसं. बिकानेरला एक हजार मेगावॉट, आणि ५५० वॉटच्या पॅनेलनी तेवढे भरायचे तर अठरा लाखांहून जास्त पॅनेल. अठरा लाखांचे स्वभाव कोण लक्षात ठेवणार?

माझा एक जुना सहकारी, आयुष्यभर विद्युतगृहात काढलेला, एका सौर प्रकल्पाचा प्रमुख म्हणून वाळवंटात गेला. पहिल्याच आठवड्यात त्याचा फोन: ‘अरे, इथे आवाजच नाही रे. आजारी पडलेलं कळायचं कसं?’ आम्ही बेअरिंगला लोखंडी कांब टेकवून दुसरं टोक कानाला लावणारी माणसं. त्याच्या प्रकल्पात उत्पादन तीन टक्के कमी येत होतं, कित्येक आठवडे. काहीच ‘ट्रिप’ झालं, म्हणजे आपोआप बंद पडलं नव्हतं, म्हणून कुणाला काही वाटलं नव्हतं. शेवटी तो पहाटे साडेपाचला स्वतः रांगांमधून चालत गेला आणि प्रत्येक रांगेतल्या एका पॅनेलवर बोटानं रेघ ओढत गेला. धुणारी टोळी रस्त्याकडच्या रांगा लख्ख करायची आणि आतल्या रांगांपर्यंत टँकरचं पाणी पुरायचं नाही. आतल्या पॅनेलवर त्याच्या बोटाची रेघ पाटीवरच्या खडूसारखी उठली. जलविद्युतमध्ये असताना त्याला गाळ नको होता. इथेही गाळच निघाला, फक्त कोरडा.

आता आकडे फुगवण्याबद्दल. इथे तुमच्या शंकेत तथ्य आहे. नाथपा झाकरीचं आराखड्यातलं वार्षिक उत्पादन ६६१ कोटी युनिटच्या वर आहे, म्हणजे मेगावॉटमागे सुमारे ४४ लाख युनिट. बिकानेरच्या हजार मेगावॉटकडून पहिल्या वर्षी अपेक्षा सुमारे २४५ कोटी युनिटची, म्हणजे मेगावॉटमागे साडेचोवीस लाख. एक मेगावॉट पाणी आणि एक मेगावॉट ऊन एकाच बेरजेत घालून ‘क्षमता इतकी झाली’ असं जाहीर करणं म्हणजे म्हशीचं आणि शेळीचं दूध न मोजता फक्त जनावरं मोजणं.

सौर कामासाठी एसजेव्हीएननं २०२२ मध्ये एसजेव्हीएन ग्रीन एनर्जी ही वेगळी उपकंपनी काढली, आणि पुढच्या वर्षी केंद्रानं एसजेव्हीएनला व एनएचपीसीला दुसऱ्यांसाठी निविदा काढणाऱ्या संस्थांच्या यादीत बसवलं. म्हणजे इतरांनी बांधलेल्या प्रकल्पाची वीज घ्यायची, राज्यांच्या वितरण कंपन्यांना द्यायची आणि मध्ये युनिटमागे सात पैसे ठेवायचे. सुशिक्षित भाषेत व्यापारी मार्जिन. निविदा धडाक्यात निघाल्या, पण वीज घेणारं राज्य सापडेपर्यंत त्या कागदावरच राहतात आणि अशा कागदांचा देशभर मोठा ढीग साचला आहे. राज्यं सही का करत नाहीत? कारण दुपारची वीज त्यांच्याकडे आधीच आहे. त्यांना हवी ती संध्याकाळी सातची.

माझ्या दृष्टीनं सगळी गोष्ट इथे येऊन मिळते. ५ एप्रिल २०२० आठवा. रात्री नऊला नऊ मिनिटं घरातले दिवे बंद करण्याचं आवाहन होतं. देशाची मागणी काही मिनिटांत सुमारे ३१ हजार मेगावॉटनं खाली आली आणि लगेच परत वर गेली. औष्णिक केंद्रं इतक्या झटपट हलत नाहीत. ग्रीड सांभाळलं ते मुख्यतः पाण्यानं: पंचवीस मिनिटांत जलविद्युतचं उत्पादन सुमारे साडेसतरा हजार मेगावॉटनं उतरवलं गेलं आणि मग तितक्याच घाईनं चढवत नेलं. ते काम करणारी माणसं यंत्राकडे पाणी सोडणारा दरवाजा किती टक्के उघडला की किती मेगावॉट येतात हे झोपेत सांगतील. सूर्य मावळताना सौरचं उत्पादन रोज असंच कोसळतं, फक्त त्याची वेळ पंचांगात असते. जी कंपनी हा उतार सावरू शकते, तीच तो उतार तयार करणारी पॅनेलही लावते आहे, आणि दोन्हींची वीज वेगवेगळ्या करारांत, वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना विकते आहे.

हिवाळ्यात सतलजचं पाणी इतकं उतरतं की झाकरीची सहाही यंत्रं दिवसभर चालवता येत नाहीत. तेव्हा दिवसाचं पाणी धरणात थोपवून संध्याकाळी काही तास सगळी यंत्रं फिरवायची, ही तिथली जुनी रीत. राजस्थानचं हिवाळी ऊन स्वच्छ असतं, पॅनेल थंडीत उलट चांगली चालतात. दिवसा बिकानेर, संध्याकाळी झाकरी, असा एकच करार एखाद्या राज्याला दिला तर त्याची किंमत नुसत्या सौर युनिटपेक्षा नक्की जास्त येईल. सोपं नाही: झाकरीचे करार जुने आहेत, वाटे ठरलेले आहेत, हिमाचल सरकारचा कंपनीत चतुर्थांशाहून जास्त हिस्सा आहे आणि राजस्थानातल्या सौरमधून हिमाचलला फुकट वीज मिळत नाही. पण प्रश्न कठीण आहे म्हणून तो विचारायचाच नाही, हे मला पटत नाही.

ऊन आणि पाणी एकमेकांना चिकटलेलं एक छोटं उदाहरण झाकरीतच आहे. जवळच्या वाधालला १.३१ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. त्याच्या विजेवर पाण्याचं विघटन करून दिवसाला १४ किलो हायड्रोजन बनवायचा प्रायोगिक कारखाना एप्रिल २०२४ मध्ये सुरू झाला. तो हायड्रोजन जातो कुठे? टर्बाइनच्या भागांवर टंगस्टन कार्बाइडचा लेप फवारण्याच्या यंत्रणेत. गाळानं खाल्लेल्या पात्यांवर उन्हाचा मुलामा. आकडा नगण्य, पण ज्याला वेल्डिंगच्या धुरात दिवाळी काढावी लागली आहे, त्याला तो आवडणारच.

मोठ्या मापावर नर्मदेवरचं ओंकारेश्वर पाहा. तिथे एसजेव्हीएनचा ९० मेगावॉटचा तरंगता सौर प्रकल्प २०२४ मध्ये सुरू झाला. जागा विचारानं निवडलेली आहे. ओंकारेश्वरच्या वर इंदिरासागरचा अवाढव्य साठा असल्यामुळे खाली पाण्याची पातळी जेमतेम तीन मीटरच्या पट्ट्यात खेळते. तरंगत्या पॅनेलचे दोर आणि नांगर यांना हेच हवं असतं. कोयनेत हा खेळ फार महाग पडेल. तिथली पातळी उन्हाळ्यापर्यंत कितीतरी खाली जाते. तांत्रिक सोय म्हणजे सगळं नव्हे, हे जायकवाडीनं दाखवलं. टीएचडीसीनं तिथे तरंगत्या सौरचा प्रस्ताव आणला. नाथसागर हे पक्षी अभयारण्य आहे, शेकडो कुटुंबं मासेमारीवर जगतात. प्रकरण हरित लवादातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. धरण कंपनीला विस्थापन, पुनर्वसन हे शब्द माहीत असतात, पण पाण्यावर पॅनेल टाकताना ती ‘इथे तर जमीनच लागत नाही’ या खुशीत असते.

आणि आता अकोले. खिरविऱ्याच्या पवनचक्क्या ज्या तालुक्यात आहेत, त्याच तालुक्यात घाटघर आहे. २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प, १२५ मेगावॉटची दोन यंत्रं. वरचा तलाव घाटमाथ्यावर, खालचा कोकणाच्या अंगाला चोंढ्याला. मूळ कल्पना अशी की रात्री औष्णिक केंद्रांची उरलेली वीज घेऊन पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळच्या गर्दीत खाली सोडायचं. या फेऱ्यात वीस-पंचवीस टक्के वीज जाते, तरी परवडतं, कारण घेतलेली वीज स्वस्त आणि दिलेली महाग. आता स्वस्त वीज रात्रीऐवजी दुपारी बारा वाजता येते, कारण पॅनेल. तेच यंत्र, तेच पाणी, फक्त घड्याळ उलटं.

सह्याद्रीइतकी सरळ कडा आणि दोन्ही बाजूंना तलावाजोगी जागा देशात फार ठिकाणी नाही. म्हणून जून २०२३ मध्ये एनएचपीसीनं महाराष्ट्र सरकारशी सावित्री, काळू, केंगडी आणि जालोंद या चार उदंचन प्रकल्पांसाठी सामंजस्य करार केला, एकूण ७,३५० मेगावॉटचा. टीएचडीसीनं टिहरीत १००० मेगावॉटचा असाच प्रकल्प उभारला आहे आणि त्याचं पहिलं यंत्र २०२५ मध्ये फिरू लागलं. जलविद्युत कंपनीला खरं कळतं ते हेच काम: डोंगर फोडणं, दाबाखालचं पाणी आवरणं, तीन मिनिटांत थंड यंत्र पूर्ण भारावर आणणं. पॅनेल कुणीही लावतं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला मी म्हणून वर्षाच्या बेरजेनं उत्तर देणार नाही. ती कंपनी संध्याकाळी सात ते दहा या वेळात किती युनिट देते, हे विचारा. घाटघरच्या वरच्या बांधावर दुपारी उभं राहिलात तर पाणी चढताना दिसतं, अगदी हळू, दगडावरच्या ओल्या रेघेवरून कळतं. सातनंतर तीच रेघ उतरायला लागते.